फिरती तबकडी आणि आपले घर

चैत्र-वैशाख हे दोन महिने आपल्याकडे दोन गोष्टींसाठी राखून ठेवल्यासारखे असतात. एक व्याख्यानमाला आणि दुसरी लग्नसराई. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत हळदीची रात्र म्हणजे आता ‘डीजे’ची रात्र झाली आहे, आणि एका मांडवात वक्ता बोलत असता पलीकडच्या मांडवातून भिंतीएवढे कर्णे वाजू लागले तर कोणाचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोचेल हे सांगण्यास ज्योतिषी नको. या परिस्थितीवर रागावणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने रागावण्यापूर्वी त्या गोष्टीचे मूळ शोधावे हे बरे. म्हणून आजचा विषय आम्ही त्या दुसऱ्या मांडवातूनच घेतला आहे. ‘डीजे’ म्हणजे मुळात काय, ज्या फिरत्या तबकडीवर त्याचा सारा संसार उभा राहिला ती आपल्या घरांत केव्हा आणि कशी आली, आणि आज एखाद्या घराने असे नवे यंत्र आणावयाचे ठरविले तर ते कसे पारखावे, एवढ्याच प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

आवाज साठवून ठेवण्याची किमया अमेरिकेत एडिसनने १८७७ साली साधली. पण त्याचे यंत्र नळकांड्यावर चाले. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनर याची, १८८७ सालची. नळकांड्यापेक्षा तबकडी बरी ठरली याचे कारण तिचा आवाज अधिक गोड होता असे नव्हे. एका साच्यावरून तबकड्या हजारांनी छापता येत, एकावर एक रचून ठेवता येत आणि दूरदेशी पाठविता येत. ग्रंथाच्या बाबतीत छापखान्याने जे केले तेच गाण्याच्या बाबतीत तबकडीने केले.

आपल्या देशात हे शास्त्र व्यापाराच्या रूपाने आले. १९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास येऊन गाणी मुद्रित करू लागला, आणि गौहरजान या विख्यात गायिकेचे गाणे त्याने तेथे टिपले. त्या तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. तेथील कारागिरांना गायकाचे नाव कळावे म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे. आज ती जुनी रेकॉर्ड ऐकताना शेवटची ती घोषणा गमतीची वाटते. पण माल कोठे तयार होई आणि मालक कोण होता याची ती खूण आहे. १९०८ साली कलकत्त्यास कारखाना निघाला आणि हा समुद्रापारचा फेरा चुकला. पुढे मुंबईतही देशी भांडवलावर एक कंपनी निघाली. तिच्या रेकॉर्डवर ‘यंग इंडिया’ हे नाव असे, आणि ती १९३५ पासून १९५५ पर्यंत चालली.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. यंत्र परदेशी, कंपनी परदेशी. पण तबकडीचा जीव आपल्याच रानातला होता. ताशी नव्हे, मिनिटाला ७८ वेळा फिरणारी ती काळी रेकॉर्ड लाखेपासून बनत असे. दगडाची बारीक भुकटी आणि काजळी लाखेत कालवून तिचा लगदा तापवीत व साच्यात दाबीत. लाखेचा किडा पळस, कुसुंब आणि बोर यांच्या फांद्यांवर वाढतो. माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या वाटेवर फाल्गुनात पेटल्यासारखा दिसणारा पळस आपण सर्वांनी पाहिला आहे. लाखेचा मोठा धंदा मात्र आपल्याकडे नव्हे, छोटा नागपूरच्या आदिवासी मुलखात वाढला. दुसऱ्या महायुद्धात हा पुरवठा अडचणीत आला तेव्हा अमेरिकेच्या सरकारला रेकॉर्ड छापणारांच्या लाखेवर कडक बंधने घालावी लागली. न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यात वाजणारे गाणे हिंदुस्थानातल्या वनवासी माणसाने झाडावरून खरडून आणलेल्या लाखेवर कोरलेले असे, हे ध्यानात ठेवले म्हणजे यंत्रयुगाविषयीचा आपला न्यूनगंड थोडा कमी होतो.

आता हे यंत्र आपल्या मुलखात कसे रुजले ते पाहू. शहापूरला आसनगावचे स्टेशन जवळ, आणि कसाऱ्यापर्यंत आगगाडी १८६१ सालीच पोचलेली. मुरबाडकडे जाणारा मनुष्य मात्र कल्याणला उतरून पुढे रस्त्याने जाणारा. लाखेची रेकॉर्ड म्हणजे कौलासारखी ठिसूळ. गाडीला एक धक्का बसला की तिचे दोन तुकडे. वीज तर नव्हतीच. तानशाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाऊ लागले, पण विजेचे खांब या भागातील बहुतेक खेड्यांत १९६० साली राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतरच्या काळात उभे राहिले. अशा प्रदेशात फोनो चालू शकला तो एका साध्या गुणामुळे. त्याला वीज लागत नसे. आत पोलादी कमान, बाहेर चावी. चावी दिली की तबकडी फिरे. सुईचे कंपन एका पातळ पडद्यावर जाई आणि तेथून कर्ण्यातून बाहेर पडे. १९३१ साली निघालेला ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा १०२ क्रमांकाचा पेटीवजा फोनो तर हातात धरून नेता येई. आपल्या घरातील पहिले यंत्र निवडताना लोकांनी त्याचा झगमगाट पाहिला नाही. आपल्या गावात ते चालेल काय, हे पाहिले. ही कसोटी आम्हांला आजही मोलाची वाटते.

त्या पेटीने घरात काय आणले? गाणे ऐकावयाचे तर एके काळी दरबारात, देवळात, नाटकगृहात किंवा बैठकीत जावे लागे. बैठकीत घरंदाज स्त्रियांना मज्जाव, आणि नाटकाला मुंबई-पुण्यास जाण्याची ऐपत किती जणांची? फोनोने ही दारे उघडली. मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर, बालगंधर्वांची नाट्यपदे, सुंदराबाईंची आणि हिराबाई बडोदेकरांची गाणी माजघरात येऊन बसली. ज्या स्त्रीने आयुष्यात नाटकगृहाची पायरी चढली नाही तिलाही बालगंधर्व पाठ होऊ लागले. शिवाय एक नवाच अधिकार ऐकणाराच्या हाती आला. आवडले ते पुन्हा लावावे, नको ते थांबवावे. बैठकीत हा अधिकार यजमानाचा असे. घरात तो ज्याच्या हाती चावी त्याचा झाला.

यंत्राने गाण्यालाही वळण लावले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावे. तासभर राग आळविणाऱ्या गवयाला ही मोठी शिक्षा होती; पण त्या बंधनातूनच मराठीत एक नवा प्रकार बहरला. १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन रेकॉर्ड केली, आणि मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जाणकार तेथून मानतात. लहान कविता, साधी चाल, तीन मिनिटांत पुरा होणारा भाव. घरात बसून ऐकणाऱ्या कुटुंबाला हे गाणे इतके मानवले की पुढली तीन तपे महाराष्ट्राने ते गुणगुणले.

परंतु या कथेला एक दुखरी बाजू आहे, आणि ती सुईची. फोनोची पोलादी पिन एका बाजूसाठी एकदाच वापरावयाची असा नियम होता. लाखेत मिसळलेली दगडाची भुकटी सुईचे टोक झिजवून तिला चरीच्या आकाराची करीत असे. तीच झिजलेली पिन दुसऱ्या रेकॉर्डवर लावली की ती चरीच कुरतडून काढी. काटकसरीने संसार करणाऱ्या आमच्या घरांना हा नियम उधळेपणाचा वाटला, आणि एकेक पिन पुष्कळदा वापरली गेली. पैशाची पिन वाचली आणि रुपयांची रेकॉर्ड गेली. जुन्या तबकड्यांतून आज जी खरखर ऐकू येते तिच्यातला मोठा वाटा काळाचा नाही, त्या काटकसरीचा आहे.

१९४८ साली अमेरिकेत मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्ले रेकॉर्ड निघाली. पुढल्याच वर्षी ४५ फेऱ्यांची आली. ती लाखेची नव्हती, विनाइलची होती. न फुटणारी, बारीक चरीची, एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे देणारी. आपल्याकडे वीज आणि ही नवी रेकॉर्ड साधारण हातात हात घालूनच आली. मध्यमवर्गीय घरात ‘फिएस्टा’ नावाचा लहानसा रेकॉर्डप्लेअर दिसू लागला. १९७० च्या सुमारास ७८ ची छपाई थांबली, पुढल्या दशकात कॅसेट आली आणि तबकड्या माळ्यावर गेल्या.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडत होती. रेकॉर्डप्लेअरला अॅम्प्लिफायर जोडून, झाडावर किंवा मांडवाच्या खांबावर भोंगा बांधून लग्नात, सत्यनारायणाला, गणेशोत्सवात गाणी लावण्याचा भाड्याचा धंदा गावोगाव उभा राहिला. जेथे वीज नाही तेथे मोटारीची बॅटरी. गाणे घरातून पुन्हा चव्हाट्यावर गेले. यात वाईट काही नव्हते. सार्वजनिक आनंदाला वाद्य लागतेच. फरक एवढाच की ऐकणाराच्या हातातली चावी पुन्हा दुसऱ्याकडे गेली. नको असेल ते थांबविण्याचा अधिकार शेजाऱ्याला उरला नाही. आणि आता तर त्या धंद्यातून तबकडीही गेली आहे. ज्याला आपण ‘डीजे’ म्हणतो त्याच्या गाडीवर कर्ण्यांची रास असते, दिवे असतात, एक संगणक असतो; रेकॉर्ड मात्र नसते. दक्षिण महाराष्ट्रात याच प्रकाराला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी या गृहस्थाने १९६५ साली कंपनी काढली आणि नाव कमावले ते ध्वनिफितीतली खरखर कमी करण्याच्या युक्तीबद्दल! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण याहून चपखल कोठे बसेल?

मग खरा ‘डीजे’ कोण? ‘डिस्क जॉकी’ या शब्दाचा अर्थ तबकडीचा स्वार. अमेरिकेत रेडिओवर रेकॉर्डी निवडून लावणाऱ्या निवेदकाला हे नाव मिळाले. त्या अर्थाने, १९५२ साली सिलोन रेडिओवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू करणारे अमीन सयानी हे आपल्या पिढ्यांचे थोर डीजेच होत. दुसरा अर्थ आला तो न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून. ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरुणाने आपल्या बहिणीच्या समारंभासाठी राहत्या इमारतीच्या खोलीत दोन तबकड्यांची यंत्रे शेजारी मांडली. एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन, नाचणाऱ्यांना आवडणारा तालाचा तुकडा एकीवर संपताच दुसरीवर लावावयाचा, अशी त्याची रीत. पुढे १९७५ च्या सुमारास थिओडोर नावाचा एक मुलगा घरी मोठ्याने रेकॉर्ड वाजवीत असता आई दटावण्यास आली, म्हणून त्याने फिरती तबकडी हाताने धरली, आणि ती मागेपुढे होताना जो आवाज उमटला त्यातून त्याने ‘स्क्रॅच’ची कला काढली, असे त्याने स्वतः सांगितले आहे. आवाज कमी कर म्हणणाऱ्या आईच्या धाकातून एक कला जन्माला आली, हे ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत त्यांनी अवश्य लक्षात ठेवावे!

ज्या यंत्रावर ही कला वाढली त्याची हकीकतही अशीच आहे. जुन्या यंत्रांत मोटर एका बाजूस असे आणि रबरी पट्ट्याने किंवा चाकाने थाळी फिरवी. जपानच्या मात्सुशिता कंपनीने १९७० साली मोटर थेट थाळीच्या आसाखाली बसविलेले ‘टेक्निक्स’ यंत्र बाजारात आणले, आणि १९७२ साली त्याचा ‘एसएल-१२००’ हा अवतार काढला. तो काढला होता घरी निवांत संगीत ऐकणाऱ्या शौकिनांसाठी. पण थाळी सेकंदाच्या आत पूर्ण वेग घेते आणि हाताने अडविली तरी मोटर कुरकुरत नाही, हे गुण तबकडीच्या स्वारांनी ओळखले. १९७९ च्या सुधारलेल्या आवृत्तीत वेग शेकडा आठपर्यंत कमीजास्त करणारी सरकती पट्टी आली. २०१० साली त्याची निर्मिती बंद पडली, आणि लोकांची आवड पाहून २०१६ साली पुन्हा सुरू झाली. म्हणजे डीजेचे सर्वांत नामांकित यंत्र मुळात घरासाठीच जन्मले होते. ते आज कोणी घरी आणू म्हणत असेल तर ती काही भलती हौस नव्हे. माहेरी परतणेच होय.

तेव्हा ते निवडावे कसे? मुरबाड तालुक्यातील म्हशाच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरी झूल पाहून बैल घेत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. यंत्राचीही पारख तशीच करावी.

पहिला प्रश्न यंत्राचा नाहीच. तो आपल्याजवळच्या तबकड्यांचा. आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डी ऐकावयाच्या असतील तर यंत्रात ७८ चा वेग हवा. टेक्निक्सच्या १९७९ च्या आवृत्तीत तो नव्हता. २०१९ च्या ‘एमके ७’ मध्ये आहे. नुसता वेगही पुरत नाही. ७८ ची चर रुंद, तिला सुमारे ७५ मायक्रॉनचे टोक लागते. लाँग प्लेला त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही बारीक. बारीक टोक जुन्या चरीच्या तळाशी घाण ढवळीत फिरते आणि जाड पोलादी पिन विनाइलचा सत्यानाश करते. सुईचे महत्त्व किती, याचा एक दाखला आमच्या मनात घर करून आहे. १९७७ साली व्हॉयेजर याने अवकाशात गेली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे आणि तिच्यात गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. पाठविणारांनी तबकडीबरोबर सुईही पाठविली, आणि ती किती वेगाने फिरवावी याचे चित्र वर कोरले. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याची जेवढी काळजी त्यांनी घेतली, तेवढी आपण माळ्यावरच्या रेकॉर्डींची घ्यावयास काय हरकत आहे?

दुसरा प्रश्न मोटरचा. नुसते ऐकावयाचे असेल तर पट्ट्याचे यंत्र चांगले. मोटरची थरथर पट्टा शोषून घेतो. मात्र हाताने तबकडी धरावयाची, दोन गाणी ताल जुळवून जोडावयाची, तर थेट मोटरचेच यंत्र हवे. पट्ट्याच्या यंत्रावर हे शिकणे म्हणजे सैल तबल्यावर ठेका शिकणे.

तिसरा प्रश्न दांड्याचा. सुईचा भार मोजून ठेवता येतो काय, वजन मागेपुढे सरकविता येते काय, हे पाहावे. ऐकण्यासाठी दीड-दोन ग्रॅम पुरतात. स्क्रॅच करणाराला तीन-चार लागतात. ज्या स्वस्त आणि देखण्या पेटीत भार बदलताच येत नाही ती दिवाणखान्यात शोभेल, पण रेकॉर्डींना लाभणार नाही.

चौथा प्रश्न विजेचा. परदेशी असलेले नातलग मोठ्या प्रेमाने यंत्र आणतात. जपानची वीज १०० व्होल्टची, अमेरिकेची १२० ची, आपली २३०. अगोदर पाठीमागचा आकडा वाचावा. सुईचा क्षीण आवाज मोठा करणारा फोनो अॅम्प्लिफायर यंत्रात आहे की वेगळा घ्यावा लागेल, तेही विचारावे. आणि जमिनीची तार जोडण्यास विसरू नये, नाहीतर गाण्याच्या मागे भुंगा बसतो. आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेऊन रेकॉर्डी कोरड्या जागी, उभ्या ठेवाव्या. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात.

शिकणाऱ्या मुलाला दोन यंत्रे आणि मध्ये मिक्सर एवढे साहित्य अखेर लागतेच. पण दोन हलकी एकदम घेण्यापेक्षा एक उत्तम घ्यावे, वर्षभर त्यावर कान तयार करावा, आणि मग दुसरे आणावे, असे आमचे मत आहे. स्वार होण्यापूर्वी घोड्याची चाल कळली पाहिजे.

आणि सर्वांत स्वस्त पण सर्वांत आवश्यक वस्तू म्हणजे कानावरचे फोन. २००० साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सणांसाठी सवलतीचे थोडे दिवस तेवढे वेगळे. हळदीच्या रात्री हे आकडे कोणी वाचीत नाही. ज्या घरी लहान मूल तापाने फणफणले आहे किंवा म्हातारा माणूस अंथरुणाला खिळला आहे, त्या घराला मात्र ते वाचल्यावाचून कळतात.

आमच्या तालुक्यांतील तरुणांची हौस मारून टाकावी असे आम्ही म्हणणार नाही. ज्या पोराला हळदीत डीजेच्या गाडीवर चढावेसे वाटते त्याच्या अंगात ताल आहे. त्याला शिकण्याची जागा मिळालेली नाही एवढेच. ती जागा गाडीवर नाही, घरात आहे. फोनोच्या चावीने आपल्या आजी-आजोबांना लावण्याचा आणि थांबविण्याचा असे दोन्ही अधिकार दिले होते. घरी एका चांगल्या यंत्रापुढे बसून, माळ्यावरची एक जुनी तबकडी पुसून, योग्य सुईने ती ऐकत ज्याचा कान तयार होईल, तो उद्या मांडवात गेला तर काय लावावे हे जाणेलच, आणि केव्हा थांबवावे हेही त्याला सांगावे लागणार नाही. या उन्हाळ्यात घरोघरच्या माळ्यावरच्या पेट्या एकदा खाली उतरवाव्यात, एवढीच श्रोत्यांस आमची विनंती आहे.